मंडळातली पोरं, रविवारचा चित्रकलेचा क्लास आणि घोडा (मदत हवी आहे)

रविवारची_पेन्सिल | १ डिसेंबर, रात्री ११:२०

मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

सात रस्त्याजवळ आमच्या मंडळाची खोली आहे, दहा बाय पंधरा, एरवी तिथे कॅरम आणि गणपतीचं सामान. गेली तीन वर्षं दर रविवारी नऊ ते अकरा मी तिथे पोरांना चित्रकला शिकवतो. फुकट. मी काही शाळेतला कलाशिक्षक नाही, जाहिरातींचं आर्टवर्क करून पोट भरतो. आठवी-नववीची चौदा पोरं आहेत, पाच मुली नऊ मुलगे, त्यातल्या सहा जणांनी यंदा एलिमेंटरी (चित्रकलेची सरकारी परीक्षा) दिली.

आता हिवाळा आला की दरवर्षी बोंब. अंडरआर्मच्या टुर्नामेंट, शाळेचं गॅदरिंग, गावची लग्नं, आणि वर थंडी (मुंबईची थंडी ती काय, पंखा बंद केला की संपली, पण आमची पोरं माकडटोप्या घालून येतात जशी काय काश्मीरला निघालीत). चौदाची पाच होतात. म्हणून यंदा डोकं लावलं. महालक्ष्मीचं रेसकोर्स आमच्यापासून चालत पंधरा मिनिटं. मुंबईचा रेसिंगचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, पावसाळ्यात सगळा कारभार पुण्याला असतो, म्हणजे थंडीत घोडे आपल्या दारात. ओळखीने एका खासगी तबेल्यात परवानगी मिळाली, रविवारी सकाळी सहा-सहा पोरं घेऊन या, शांत बसा, चित्रं काढा.

जायच्या आधी आज पोरांकडून मनाने घोडा काढून घेतला. अरे देवा. चौदा घोडे, सगळ्यांचे पाय बाजेच्या खुरासारखे सरळसोट, आणि ज्यांनी वाकवले त्यांनी मागचा गुडघा माणसासारखा पुढे वाकवला. एकाला पाच पाय, विचारलं तर म्हणे दादा तो पळतोय. आणि खरं सांगायचं तर फळ्यावर दुरुस्त करून दाखवायला गेलो तर माझाही मागचा पाय जमेना, बोर्डाकडे बघत नुसता डस्टर हातात घेऊन उभा.

एक जमेची बाजू, आमच्यातल्या एकाचे वडील त्याच तबेल्यात सईस आहेत, म्हणजे घोड्यांची निगा राखतात. पोराला सगळे बारक्या म्हणतात. मला तर लॉटरीच लागली.

तर पाय कसे शिकवू, तबेल्यात काय काळजी घेऊ, आणि पोरं टिकवायची कशी, तिन्ही सांगा.

लालबागकर | १ डिसेंबर, रात्री ११:४१

पाच पायांचा घोडा फ्रेम करून ठेवा. बाकी जाणकार सांगतीलच.

पशुवैद्य_परळ | २ डिसेंबर, सकाळी ७:०५

परळच्या व्हेटरनरी कॉलेजचा माजी विद्यार्थी आहे, त्यामुळे राहवत नाही.

सगळ्यात आधी पोरांची धनुर्वाताची इंजेक्शनं बघा. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू हमखास असतात. सरकारी वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी डोस असतो, तुमची पोरं बरोबर मधल्या वयातली, दहाव्या वर्षीचा चुकलेले दोन-तीन तरी निघतील. दम्याचं पोर असेल तर गवत झटकत असताना आत नेऊ नका.

घोड्याला अगदी नाकासमोरचं आणि थेट मागचं दिसत नाही. म्हणून जवळ जायचं ते खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत. गाजर द्यायचं तर पंजा सपाट, बोटं मिटून अंगठा आत, नाहीतर बोट आणि गाजर यातला फरक त्याला कळायचा नाही. फ्लॅश बंद. आणि पोरांनी आणलेलं वडापाव-बिस्किट काही म्हणजे काही खायला घालू नका, घोड्याला उलटी करता येत नाही, गेलं ते गेलं, मग पोटशूळ उठला की रात्रभर सगळा तबेला जागा.

थंडीचं म्हणाल तर आपल्याकडच्या थंडीचा घोड्याला त्रास नाही. उलट थंडीत पाणी कमी पितात ही खरी काळजी. एरवी दिवसाला तीस-चाळीस लिटर पिणारा प्राणी, सुकं गवत खाऊन पाणी कमी प्यायला की लीद आत घट्ट होऊन बसते. जाणता सईस सकाळी आधी बादली बघतो, मग घोडा. पोरांना ते बघायला सांगा. आणखी एक गंमत, थंडीतले दाट केस थंडी पडली म्हणून येत नाहीत, दिवस लहान व्हायला लागला की येतात. म्हणून मुंबईसारख्या ठिकाणीही डिसेंबरात घोडा जरा मखमली दिसतो. शेडिंग शिकवणाऱ्याला हे उपयोगी पडेल बहुतेक.

तिरकस | २ डिसेंबर, सकाळी ९:३०

म्हणजे आता मंडळाच्या पोरांना जुगाराच्या अड्ड्यावर नेऊन संस्कार करायचे. छान.

लालबागकर | २ डिसेंबर, सकाळी ९:३८

तिरकसराव, पोरं तबेल्यात पेन्सिल घेऊन जाणारेत, बुकीकडे नाही. आणि शर्यतीचं म्हणाल तर १९९६ साली सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ म्हणून निकाल दिलाय. (माझ्या काकांनी त्या कौशल्यावर गिरगावातली खोली घालवली ती गोष्ट वेगळी.)

मुलुंडची_आई | २ डिसेंबर, दुपारी १:१५

दादा, पालकांची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. सोबत दोन मोठी माणसं हवीत, त्यात मुली आहेत तर एक बाई हवीच, आणि कुठल्याही एका मुलाला एकट्याला घेऊन तबेल्यात जाऊ नका, कितीही ओळख असली तरी. तुमच्यावर संशय म्हणून नाही, तुमच्या आणि मुलांच्या दोघांच्या भल्यासाठी सांगतेय. आमच्या सोसायटीच्या समर कॅम्पला हाच नियम आहे.

एटीडी_मास्तर | २ डिसेंबर, रात्री १०:०२

एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालोय, त्यामुळे पायांवर हक्काने बोलतो.

फळ्यावर पाय शिकवायचा नाही. पोरांना जमिनीवर रांगायला लावा. मग गुडघे उचला, हात बोटांच्या टोकांवर, पाय चवड्यावर. आता टाच कुठे आहे? हवेत. घोड्याच्या मागच्या पायाला जो मागे वाकलेला 'गुडघा' दिसतो ना, ती त्याची टाच आहे. खरा गुडघा वर पोटाजवळ लपलेला. पुढच्या पायाचा जो गुडघा म्हणतो तो मनगट आहे. आणि खूर म्हणजे मधल्या एकाच बोटाचं नख. घोडा म्हणजे चार नखांवर उभा असलेला चारपाचशे किलोचा प्राणी. एकदा अंगाला कळलं की हात चुकत नाही, निदान माझ्या वर्गात तरी कमी चुकला.

मापाला डोकं धरा. डोक्याची लांबी एक धरली तर उंची साधारण अडीच डोकी, छातीपासून ढुंगणापर्यंतही अडीच, म्हणजे पाय सोडून नाही, पायासकट घोडा एका चौकोनात बसतो. पोरं नेहमी लांबट काढतात, गाढवाची आगगाडी होते.

पळणाऱ्या घोड्याचं तर मोठमोठ्या चित्रकारांनीही चुकवलंय. पुढचे दोन पुढे ताणलेले, मागचे दोन मागे, पोट हवेत, असं शेकडो वर्षं काढत होते. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले तेव्हा कळलं की चारही पाय हवेत असतात खरे, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. त्या फोटोंच्या झेरॉक्स काढा, वहीच्या कोपऱ्याला चिकटवून फडफडवा, पोरं तासभर गप्प बसतील.

आणि आधी राणीच्या बागेत जा. तिथे खरा काळा घोडा उभा आहे, म्हणजे सातव्या एडवर्डचा तो पुतळा, १९६५ साली फोर्टातून हलवला तो. फोर्टात आता आहे तो २०१७ चा, बिनस्वाराचा. हलत नाही, चावत नाही, शेपूट मारत नाही. बुधवारी बंद असतं, बाकी कधीही.

ताशा_वाजे | ३ डिसेंबर, रात्री १२:१०

पथकवाला म्हणून दोन पैसे. चाली ठोक्यांवर शिकवा ना. साधी चाल चार ठोके, दुडकीला दोन (तिरके पाय एकदम पडतात), कँटरला (मधल्या दौडीला) तीन, भरधावला परत चार पण मध्ये एक गॅप. पोरांना मांडीवर वाजवायला लावा, मग तबेल्यात डोळे मिटून ऐकायला सांगा. आमच्या पथकातल्या अर्ध्या पोरांना चित्र काढता येत नाही पण कोणता पाय चुकला ते कानाने सांगतील.

नेरळकरीण | ३ डिसेंबर, सकाळी ८:४४

माहेर नेरळचं, त्यामुळे लहानपणापासून माथेरानचे घोडे बघितलेत. तिथे गाड्या दस्तुरीलाच थांबतात, पुढे बरेचजण घोड्यावर नाहीतर पायी. नाताळच्या आठवड्यात तो घोडा किती खेपा मारतो ते बघितलं तर पोरांना कळेल की घोडा हा नुसता रुबाबाचा प्राणी नाही, कुणाच्या तरी घरचा कमावता माणूस आहे. जमलं तर रेसचा घोडा आणि माथेरानचा तट्टू दोन्ही काढायला लावा शेजारी शेजारी. मान, पोट, खूर, सगळं वेगळं.

रविवारची_पेन्सिल | १५ डिसेंबर, रात्री ९:५०

सगळ्यांना एकेक कटिंग माझ्याकडून. अपडेट देतो.

इंजेक्शनं तपासली, चौघांची राहिलेली निघाली, म्युनिसिपल दवाखान्यात देऊन आणली. परवानगीपत्रं झाली. एकीची आई आमच्यासोबत यायला लागली, ती आता स्वतःच चित्र काढते आणि पोरींपेक्षा बरं काढते.

मास्तर, रांगण्याचा प्रयोग केला. खोलीत चौदा पोरं चवड्यावर, ढुंगणं वर, खिडकीतून मंडळाचे ज्येष्ठ सभासद बघतायत आणि विचारतायत योगा आहे का. पण कळलं! एक मुलगी त्याच पोझमध्ये ओरडली, "दादा टाच, माझी टाच दुखतेय", म्हटलं बाई गं हेच तर शिकवायचं होतं. मग भिंतीवर खडूने खऱ्या मापाचा घोडा काढला. रेसच्या घोड्याची उंची हँडमध्ये मोजतात, एक हँड म्हणजे चार इंच, सोळा हँडचा धरला तर पाठीपर्यंत पाच फूट चार इंच. म्हणजे पाठच आमच्या बहुतेक पोरांच्या डोक्यावरून गेली, मान काढायला कॅरमचा स्टँड आणावा लागला. सगळी एकदम गप्प झाली.

आज पहिल्या सहा जणांना तबेल्यात नेलं. साडेसहाला अंधारच होता, ट्रॅकवरून आलेले घोडे फिरवत होते आणि त्यांच्या अंगातून वाफ निघत होती, दिव्याखाली चक्क धूर. सईस लोक स्वेटरवर स्वेटर, घोडा मात्र उघडा आणि गरम. मग खरारा सुरू झाला. एका चॉकलेटी घोडीने खालचा ओठ लोंबकळत सोडला, डोळे अर्धे मिटले, मागचा एक पाय नुसता नखावर टेकवून ठेवला आणि सगळं वजन दुसऱ्यावर. कुठल्या पुस्तकात हे सापडलं नसतं. पोरांनी तो ओठच काढला सगळ्यांनी, पाय राहिले बाजूला. नालबंद आला होता, त्याने रेसची नाल हातात दिली, ॲल्युमिनियमची, इतकी हलकी की पोरांना वाटलं खेळण्यातली.

बारक्याला मी मुद्दाम पुढे उभं केलं. म्हटलं हा आपला एक्स्पर्ट, सगळं ह्याला विचारा.

पशुवैद्य_परळ | १५ डिसेंबर, रात्री १०:३०

ओठ लोंबकळणं म्हणजे घोडी निवांत आहे. पोरांनी बरोबर तेच पकडलं की.

रविवारची_पेन्सिल | २९ डिसेंबर, रात्री ११:५५

धागा वर काढतोय पण आज बातमी चांगली नाही.

बारक्या यायचा बंद झाला. २२ ला नाही आला, आज नाही आला. मला वाटलं टुर्नामेंट. मग एका पोरीने सांगितलं की त्या दिवसानंतर पोरं त्याला तबेल्या म्हणायला लागली, व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या नावापुढे घोड्याचं चित्र, शाळेत कोणीतरी बाकावर गवत ठेवलं. आणि हे सगळं मी लावून दिलं. तीन वर्षं हा मुलगा येतोय, बाप काय करतो हे त्याने वर्गात कधी बोलून दाखवलं नव्हतं, मी सगळ्यांसमोर माईक लावल्यासारखं जाहीर केलं. आता वही उघडून बघतो तर त्याने त्या दिवशी घोडा काढलाच नव्हता. अख्ख्या पानभर तबेल्याच्या दारावरचे नंबर काढलेत. मी त्यावर 'विषय सोडून' असा शेरा मारलाय लाल पेनने.

उद्या त्याच्या घरी जाऊन माफी मागावी म्हणतोय.

टांगापलटी | ३० डिसेंबर, रात्री १२:४०

नका जाऊ.

मी या धाग्यावर वाचनमात्र होतो. माझे वडील व्हिक्टोरिया हाकायचे, गेटवे ते नरिमन पॉइंट, चांदीच्या पत्र्याची गाडी, २०१५ ला या घोडागाड्या बंद करायचा हायकोर्टाचा निकाल आला त्याच्या आधीच त्यांनी घोडा विकला होता. शाळेत माझ्या बाजूला बसणारा नाक धरून बसायचा. वास येत नव्हता हो, आई दोनदा कपडे धुवायची. डिसेंबरच्या थंडीत वडील पालकसभेसाठी नळाच्या गार पाण्याने साबण घासघासून अंघोळ करून तयार व्हायचे आणि मी सांगायचो की सभा रद्द झाली. तीन वर्षं सांगितलं. त्यांना बहुतेक कळत होतं.

सगळ्यात राग कुणाचा यायचा सांगू? चिडवणाऱ्यांचा नाही. एक बाई होत्या, फार प्रेमळ, त्या वर्गात म्हणायच्या अरे तुझ्या बाबांचा घोडा किती छान, सांग ना सगळ्यांना. त्यांचा. मला वर्गात गणिताबद्दल विचारलेलं हवं होतं.

घरी गेलात तर बापासमोर विषय निघेल, आणि बापाला कळेल की पोराला आपली लाज वाटते. ते करू नका प्लीज. त्याला घोड्याबद्दल विचारणं तेवढं बंद करा.

तिरकस | ३० डिसेंबर, सकाळी ७:१२

टांगापलटी, दंडवत. पेन्सिल, ग्रुपवरचं ते घोड्याचं चित्र मात्र आज काढायला लावा, आणि गवत ठेवणाऱ्या पोराशी एकट्याशी बोला, सभा भरवू नका.

एटीडी_मास्तर | ३० डिसेंबर, सकाळी ९:२०

नंबर काढले होते म्हणता आणि तुम्ही 'विषय सोडून' लिहिलंत. अहो, अक्षरलेखन हा एलिमेंटरीचा विषय आहे. पोरगा विषयातच होता, तुम्ही सोडला होतात.

त्याला क्लासला बोलवायला जाऊ नका. कामाला बोलवा. मंडळात रंगवायचं काही पडलं असेल ना?

रविवारची_पेन्सिल | १९ जानेवारी, रात्री १०:१५

मास्तर, शेरा खोडला आणि खाली सही केली, माझी.

कामाचं निघालं. मंडळाच्या टुर्नामेंटचा स्कोअरबोर्ड, जुनी प्लायवूडची फळी, आकड्यांच्या पाट्या पार उडालेल्या, ३ आणि ६ मध्ये फरक कळत नव्हता त्यावरून गेल्या वर्षी राडा झाला होता. बारक्याला नाक्यावर गाठून एवढंच म्हटलं, पाट्या रंगवायला माणूस नाही, शनिवारी संध्याकाळी येशील का. खिशात हात घालून म्हणाला, "पट्टीचा ब्रश आहे का?" म्हटलं आहे.

आला. मी त्याला ब्रश तिरका धरायला दाखवला, पंचेचाळीस अंशात, की उतरती रेघ जाड आणि चढती बारीक आपोआप येते, बोरूसारखी. अर्ध्या तासात त्याने माझ्यापेक्षा सुबक ५ काढला, खालचा फाटा असा काही वळवला की मी विचारलं कुठे बघितलास, म्हणे ट्रकवर. तीन शनिवार आला. रविवारी अजून येत नाही. घोडा हा शब्द आम्ही दोघांनीही तोंडातून काढलेला नाही.

गवतवाल्याशी बोललो. तो म्हणे मजा केली. मग मीही फार ताणलं नाही, त्याला पाट्यांना पॉलिशपेपर मारायला बसवलं, बारक्याच्या शेजारी. दोघं एक तास बोलले नाहीत, मग क्रिकेटवरून भांडले.

बाकीच्यांचं चालू आहे. राणीच्या बागेत जाऊन आलो, पुतळा खालून बघायचा म्हणून पोटच पोट दिसतं, एकाने फक्त पोट आणि चार खूर काढून वर 'राजा वर आहे' असं लिहून दिलं. ताशाभाऊंचे ठोके तर आता पोरं लोकलमध्ये वाजवतात, लोक शिव्या घालतात.

मुलुंडची_आई | १९ जानेवारी, रात्री १०:५०

रविवारी येण्याची घाई करू नका त्याला. शनिवार आहे ना.

रविवारची_पेन्सिल | ९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

डर्बीची (मोठ्या शर्यतीची) गडबड होती म्हणून मागचा रविवार तबेला बंद होता आपल्याला, आज शेवटची बॅच झाली. आता उन्हं चढायला लागली, सातलाच घाम. घोड्यांचे केसही गळायला लागलेत, खराऱ्यात झुपके येतात.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. काल शनिवारी बारक्या स्वतःहून म्हणाला, पत्र्याची एक पाटी करायची आहे, पप्पांनी सांगितलंय, तबेल्यात लावायला. मजकूर: 'घोड्याच्या मागे उभे राहू नये'. मी काही बोललो नाही, फक्त पत्रा शोधून दिला. खडूने ओळी मारल्या, शिरोरेघ आखली, 'घो' चा काना-मात्रा तीनदा पुसला. बाकीची पोरं जमली आजूबाजूला, आता त्यांना सगळ्यांना घोडा येतो ना, म्हणे बाजूला लाथ मारणारा घोडा काढू या, टाच बरोबर काढू, मस्त दिसेल. बारक्या मान वर न करता म्हणाला, "चित्र नको. चित्र असलं की लोकं बघायला जवळ येतात."

कोणी काही बोललं नाही. गवतवाल्याने पत्रा धरून ठेवला.

तर प्रश्न असा आहे, साधा ऑइलपेंट आहे, लाल आणि पांढरा. तबेल्यात रोज पाणी मारतात, पाटी टिकेल का?

एटीडी_मास्तर | ९ फेब्रुवारी, रात्री ९:५५

नुसत्या पत्र्यावर नाही टिकणार, पापुद्रे निघतील. आधी पॉलिशपेपर, मग रेडऑक्साइडचे दोन हात, मध्ये एक दिवस वाळू द्या, मग पांढरा, मग अक्षरं.

रविवारची_पेन्सिल | ९ फेब्रुवारी, रात्री १०:०१

अक्षरं लिहून झालीत हो.

एटीडी_मास्तर | ९ फेब्रुवारी, रात्री १०:०३

मग मागच्या बाजूने मारा प्राइमर, पुढून वॉर्निश. आणि पुढच्या पाटीला आधी मला विचारा.

लालबागकर | ९ फेब्रुवारी, रात्री १०:२०

पाटीचा फोटो टाका, लांबून काढलेला.